चार नंबरची कुंडी

मागच्या सीटवर पुठ्ठ्याच्या खोक्यात, ओल्या टॉवेलखाली झाकून, ग्वेंडा पोलग्लेझ एक लबाडी प्रदर्शनाला घेऊन निघाली होती. रस्त्यात खड्डा आला की ती गाडीचा वेग कमी करत होती. शेजारी तिचा नवरा मर्व इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघत होता.

"काढ की तो टॉवेल. गुदमरेल ती."

"वारा लागला की मान टाकते, म्हणून झाकलंय. तूच सांगायचास."

"मी सांगायचो?"

"वीस वर्षं."

"मग बरोबरच असणार," मर्व म्हणाला आणि समाधानाने पुढे बघायला लागला.

फेब्रुवारीतला, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातला शनिवार होता. आठ वाजायच्या आतच स्टिअरिंग चटके द्यायला लागलं होतं. याराबीन गावाच्या वेशीवरच्या फलकावर वणव्याचा धोका दाखवणारा काटा लाल पट्टीत गेलेला होता. ग्वेंडाचा बेत साधा होता. कुंडी द्यायची, मर्वला गाई बघायला घेऊन जायचं, मेंढ्यांची लोकर उतरवायची शर्यत बघायची, जेवायचं, आणि दोननंतर परीक्षण आटोपलं की दोरीबाहेरून लांबूनच "ती बघ तुझी" म्हणून दाखवायची आणि घरी. एवढा एक दिवस निभावून न्यायचा होता. सोमवारी मर्वला मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात सोडायचं होतं.

फिटोनिया नावाचं झाड घरात पाळायची अवदसा पहिल्यांदा कुणाला आठवली कोण जाणे. वीतभरही उंची नाही. मातीला धरून सरपटत जायचं आणि पेरापेराला मुळं सोडायची. इवलीइवली गडद हिरवी पानं, त्यांवर पांढऱ्या शिरांचं जाळं, कुणी बारीक कुंचल्याने बसून काढावं तसं. भांडवल एवढंच, पण नखरे विचारू नका. ऊन लागलं की करपते, गारठा लागला की आक्रसते, हीटरजवळ ठेवली की कडा तपकिरी होतात. पाण्याला अर्धा दिवस उशीर झाला की सगळी पानं एकदम लोळण घेतात, गेलीच म्हणावं अशी. मग पेलाभर पाणी द्यावं, की तासाभरात उठून बसते आणि वर आपल्यालाच विचारते, काय झालं?

मर्वने तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं. एकशे साठ गाईंचं दूध काढणारा, फावड्यासारख्या हातांचा हा माणूस. त्याला एकोणीस वर्षांपूर्वी पोस्टातल्या बाईंनी बोटभर काडी ओल्या कागदात गुंडाळून दिली. त्याने ती मुकाट्याने खिशात घातली आणि तोंड फिरवून चालायला लागला. त्या भागात कुणी रोपाची काडी दिली तर आभार मानत नाहीत, मानले की रोप मरतं म्हणतात. तेव्हापासून बाईसाहेब न्हाणीघरात, धुरकट काचेच्या खिडकीपाशी, तिपाईवर. अंघोळीची वाफ तिला मानवायची. "दार लावून घे गं, वाफ जातेय," हे ग्वेंडाने इतक्या वेळा ऐकलं होतं की ती अंग पुसता पुसता स्वतःच ते म्हणायची. प्रदर्शनात सरपटणाऱ्या पानवेलींच्या वर्गात बाईसाहेबांनी अकरा वेळा पहिला नंबर घेतला होता. मर्व तिथे बावीस वर्षं कुंड्यांच्या विभागाचा व्यवस्थापक होता, पण आपला वर्ग आला की तो बाहेर जाऊन उभा राहायचा. तसल्या बाबतीत तो भयंकर होता. एकदा त्याने सख्ख्या भावाचं नेचं स्पर्धेतून काढलं, कारण ते विकत आणून तीन महिने झाले नव्हते. रोप निदान तीन महिने स्पर्धकाच्या हातचं हवं, हा नियम. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. मर्वने ती दोन वर्षं त्याला दर नाताळात कार्ड पाठवलं, पण नियम काही सोडला नाही.

मग विसरण्याचा आजार आला. आधी नावं गेली, मग वार, मग गाई विकल्याचं गेलं. बाईसाहेब मात्र गेली नाही. आणि तिथेच घात झाला.

जानेवारीत एकदा ती तहानेने आडवी झाली. मर्वने पाहिलं, पाणी घातलं आणि विसरला. पुन्हा न्हाणीघरात गेला, ती अजून आडवीच, पुन्हा घातलं. या झाडाची खोड अशी, की पाणी कमी पडलं तरी मान टाकतं आणि जास्त झालं तरी मान टाकतं, आणि दोन्ही वेळा अगदी सारखंच दिसतं. एकशे साठ गाईंतली आजारी गाय चालीवरून ओळखणाऱ्या मर्वला हे कधीच चकवू शकलं नसतं, पण आता त्याला आपण आत्ताच इथे येऊन गेलो एवढंही आठवत नव्हतं. तो दिवसभर पाणी घालत राहिला. ग्वेंडासुद्धा तोंड धुवायला गेली की पडलेली पानं बघून एखादा पेला ओतत होती. दोघंही एकाच कुंडीत ओतत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचं माहीत नव्हतं. आठव्या दिवशी तिने कुंडी उचलली तर खालून गटारासारखा वास आला आणि काड्या हातात सुटून आल्या. सगळी मुळं काळी पडून चिखल झाला होता.

तिने एखादी काडी तरी वाचेल म्हणून चाकूने वीसेक तुकडे केले, पाण्यात ठेवले. सगळे कुजले. तिने ते कंपोस्टच्या ढिगात खोल पुरले, मर्व झोपला असताना दुपारी, चोरासारखे.

मर्वने रिकामी तिपाई पाहिली. ग्वेंडा म्हणाली, बाईसाहेबांना प्रदर्शनासाठी मागच्या धुण्याच्या खोलीत ठेवलंय, तिथे उजेड बरा आहे. त्याने मान डोलावली. पण त्या दिवसापासून तो न्हाणीघराच्या दारात येऊन उभा राहायचा. काही बोलायचा नाही, आत यायचा नाही. एकदा त्याने विचारलं, "ग्वेन, माझ्या हातून काही वाईट झालंय का गं?"

"काही नाही झालेलं."

"मग मला असं का वाटतंय?"

त्याच दुपारी ती दोन गावं ओलांडून, जिथे तिला कुणी ओळखत नाही अशा नर्सरीत गेली आणि पांढऱ्या शिरांच्या फिटोनियाची तीन छोटी रोपं घेऊन आली. तिन्ही एका कुंडीत दाटीवाटीने लावली. नर्सरीतल्या रोपांची मुळं लहानशा जाळीच्या पिशवीत असतात. ती कापून काढायला गेलं तर मुळं तुटत होती, म्हणून तिने तशीच ठेवली आणि वरून शेवाळ पसरलं. बक्षीस नकोच होतं. वीस वर्षं पाळलेली एकुलती एक गोष्ट आपल्याच हाताने मारली, हे मनात घेऊन मर्वने त्या परक्या खोलीत जाऊन राहू नये, एवढंच तिला हवं होतं. मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात माणसं बऱ्याच गोष्टी विसरतात, पण नेमकी कोणती गोष्ट राहील याचा भरवसा नसतो.

पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. दाराशी डल्सी बसली होती. मर्वनंतर व्यवस्थापकपद तिच्याकडे आलं होतं. जाडजूड, मोठ्या आवाजाची, ग्वेंडाची शाळेपासूनची मैत्रीण. तिने कुंडीभोवती पांढरा कागद गुंडाळला. कुंडीवरून कुणाचं झाड ते कळू नये म्हणून याराबीनला सगळ्या कुंड्या कागदात जातात. स्पर्धकाचं नावही चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी दुमडून खाली ठेवतात आणि वर फक्त आकडा दिसतो. मर्व पोलग्लेझच्या नावाला आकडा मिळाला चार.

"झालं," ग्वेंडा म्हणाली. "चल मर्व, गाई बघू."

"कुठे पळतेस?" डल्सीने तिचा दंड धरला आणि मर्वकडे वळून आपला तो शेडभर ऐकू जाणारा आवाज लावला. "मर्व पोलग्लेझ! तुला काय वाटलं, तू असाच सुटशील? आज परीक्षकांबरोबर तू फिरायचंस. सगळी टेबलं, तुझ्या वर्गाचंसुद्धा. कमिटीने ठरवलंय."

ग्वेंडा लगेच मधे पडली.

"अगं, त्याला उभं राहवत नाही," ती म्हणाली. "आणि एवढा उकाडा. आणि गोळ्या."

"उकाडा काय मला नाही? बघ, घामाने माझी सगळी पावडर-बिवडर वाहून चाललीय. खुर्ची ठेवते त्याच्यासाठी." डल्सीने खिशातून मर्वचा जुना बिल्ला काढला, 'व्यवस्थापक' लिहिलेला, आणि त्याच्या शर्टाला टाचला. मग ग्वेंडाच्या कानाशी लागून म्हणाली, "सोमवारनंतर कुठलं आलंय गं हे सगळं? त्याला एक दिवस मिळू दे."

डल्सीच्या मनात पाप नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. वाईट हेतूने कुणी काही करत असेल तर माणूस त्याला तोंडावर दोन शब्द सुनावू तरी शकतो.

बिल्ला लागला आणि मर्व बदलला. पाठ सरळ झाली. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, कानामागे पेन्सिल खोचली आणि टेबलांकडे असा निघाला की डल्सीला मागून धावावं लागलं. परीक्षक म्हणून कारुआना नावाचा नर्सरीवाला आला होता, चाळिशीचा, नम्र. मर्वने त्याच्याशी हात मिळवला. "तुम्ही पानांवर तेल चोपडलेलं झाड बाद करता ना?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"करतो, मिस्टर पोलग्लेझ."

"मग आपलं जमेल."

ग्वेंडाला दोरीबाहेर खुर्ची मिळाली. शेजारीपाजारी आणखी दहाबारा जणी होत्या, हातात वारा घ्यायला प्रदर्शनाची पुस्तिका. नेचे झाले. बिगोनिया झाले. मर्व वाकून वाकून पानाच्या खालची बाजू बघत होता, बोट मातीत घालून वास घेत होता. मुलाचं नाव विसरणारा हा माणूस एका बिगोनियासमोर थांबला आणि म्हणाला, "हिला खिडकीची एकच बाजू मिळतेय, कुणी वळवत नाहीये." आणि पुढे कळलं, की ते खरंच होतं. बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. "बघा की, कसा बोलतोय." ग्वेंडाला अभिमानही वाटत होता आणि त्याच वेळी उठून पळून जावंसंही वाटत होतं. जो माणूस बिगोनियाची खिडकी सांगतो त्याला जाळीची पिशवी दिसायला कितीसा वेळ लागणार?

पानवेलींच्या टेबलाला अजून दोन टेबलं होती. तिने कागदी पेल्यात चहा घेतला, पर्समधून गोळ्यांची डबी काढली आणि दोरीखालून आत गेली.

"मर्व, गोळीची वेळ झाली. चल, बाहेर सावलीत बसून घे."

मर्वने तिच्याकडे पाहिलं, आणि ती स्पर्धकाच्या घरची आहे एवढंच त्याला दिसलं. "परीक्षण चालू असताना आत यायचं नसतं, बाई."

"पाच मिनिटं फक्त."

"नियम म्हणजे नियम." त्याने गोळी घेतली, चहा तिच्याच हातात ठेवला. "आणि चहा टेबलांजवळ नको. सांडतो."

बायका खदखदून हसल्या. "ग्वेन, तुला बाद केलं गं!" कुणीतरी म्हणालं. ग्वेंडाही हसली, हसावंच लागलं, आणि परत येऊन खुर्चीत बसली. चहा तिने खाली जमिनीवर ठेवला. जाता जाता धक्का लागल्यासारखं करून कुंडी खाली पाडता आली असती, हे तिला खुर्चीत बसल्यावर सुचलं.

पानवेलींच्या टेबलावर सहा कुंड्या होत्या. कारुआनाने एकेक उचलून पाहिली. दोन नंबरच्या पिलिया नावाच्या वेलीला कोळ्याची कीड लागलेली होती. तीन नंबरला त्याने बराच वेळ दिला. चार नंबर हातात घेतली, फिरवली, पानांवर हळूच तळहात ठेवला. तिन्ही रोपं तरुण होती, दाट होती, एकही पान डागाळलेलं नव्हतं. ग्वेंडाने त्यांना तीन आठवडे जिवापाड जपलं होतं, तेच आता अंगाशी येत होतं.

"ही पहिली," कारुआना म्हणाला. "वादच नाही."

डल्सीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, पण ती काही बोलली नाही. मर्व मात्र पुढे झाला. त्याने सहाही कुंड्यांवरून नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे.

"यात बाईसाहेब नाही," तो म्हणाला.

"असेल की. नीट बघ," डल्सी म्हणाली.

"नीटच बघतोय. नाहीये." मग त्याने चार नंबरच्या कुंडीची कडेची पानं बोटाने वर केली, पेन्सिलच्या टोकाने शेवाळ बाजूला सारलं आणि वाकून आत पाहिलं. "आणि हे बाद करा. हे नर्सरीचं आहे. तीन वेगळी रोपं आहेत, जाळ्या अजून मुळांना आहेत. खाली एकही जुनी काडी नाही. महिनासुद्धा झाला नसेल आणून."

कारुआनाने डल्सीकडे पाहिलं. डल्सीने डोळे मिटून उघडले, मर्वच्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मर्व, राजा, तुझा गोंधळ होतोय. थकलास तू. बस जरा."

"माझा गोंधळ होत नाहीये."

"बरं, नाही होत."

ग्वेंडाला एकदम कळलं, की ती सुटली. कुणीही मर्ववर विश्वास ठेवणार नव्हतं. सगळ्या शेडला त्याचा आजार माहीत होता. दोरीबाहेर बायकांच्या डोळ्यांत आत्ताच पाणी यायला लागलं होतं, बिचारा म्हणत होत्या. कारुआनासुद्धा, स्वतः नर्सरीवाला असून, वाकून बघायच्या ऐवजी टोपी हातात घेऊन उभा होता, म्हाताऱ्याचा अपमान नको म्हणून. तिने नुसतं गप्प बसायचं होतं. पहिला नंबर, टाळ्या, आणि घर.

डल्सीने कुंडीखालची चिठ्ठी काढली. "थांब, तुला दाखवतेच. दाखवायची नसते, पण दाखवते." तिने घडी उघडली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "वाच. मर्व पोलग्लेझ. तुझंच झाड आहे वेड्या! पहिला नंबर आलाय तुझा!"

दोघीतिघींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मर्वने चिठ्ठी हातात घेतली. वाचली. पुन्हा कुंडीकडे पाहिलं. त्याची पाठ, जी सकाळपासून ताठ होती, हळूहळू वाकली. "माझं?" तो म्हणाला. त्याने पुन्हा पानं वर केली, पण या वेळी बोटं चाचपडत होती, आपण काय शोधतोय ते त्याला माहीत नसल्यासारखी. "मग मला जे दिसतंय ते... मला वाटलं मला अजून एवढं तरी..." त्याने मान वर करून शेडभर नजर फिरवली. तो कुणाला तरी शोधत होता आणि घाबरला होता. गाई विकल्या तेव्हा नाही, डॉक्टरांनी कागद दाखवले तेव्हा नाही, पण आता तो घाबरला होता. त्याच्याजवळ उरलेलं शेवटचं शहाणपण डल्सीने प्रेमाने त्याच्या हातातून काढून घेतलं होतं आणि ग्वेंडा खुर्चीत बसून ते बघत होती.

ती उठली. चहाचा पेला पायाने लवंडला. दोरीखालून जाताना तिचा केसांचा चाप अडकून पडला, तो तिने उचलला नाही.

"मर्व, तुझं बरोबर आहे," ती म्हणाली.

"ग्वेन, अगं," डल्सी म्हणाली.

"तू थांब. मर्व, इकडे बघ. तुझं बरोबर आहे. ही बाईसाहेब नाही. ही मी नर्सरीतून आणली. तीन रोपं. जाळ्या मीच ठेवल्या, काढता येईनात म्हणून. तुझ्या नावाने चिठ्ठी मी लिहिली."

टाळ्या वाजवणाऱ्या दोघीतिघींनी हात खाली घेतले.

"म्हणजे मला दिसलं ते खरंच तिथे होतं?" मर्वने विचारलं.

"सगळं. एकूण एक."

"महिनासुद्धा झाला नाही, म्हटलं मी."

"तीन आठवडे झाले."

त्याने लांब श्वास सोडला. मग कपाळाला आठी पडली. "आणि बाईसाहेब?"

या प्रश्नाचं उत्तर ग्वेंडाने तीन आठवडे टाळलं होतं. आता तिला एक क्षणही लागला नाही. "मेली. मी मारली. पडलेली दिसली की पाणी घालत होते, दिवसातून पाचसहा वेळा. मुळं कुजली. तुला सांगायची हिंमत झाली नाही म्हणून हा सगळा घाट घातला."

"तू?"

"मी."

मर्व तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. महिनाभर न्हाणीघराच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे बसलेलं होतं ते. आणि त्याच्या जागी आला राग. चांगला, जुना, ओळखीचा राग. ग्वेंडाने तो वर्षभरात पाहिला नव्हता.

"पाचसहा वेळा!" तो म्हणाला. "फिटोनियाला! अगं, मान टाकली म्हणजे आधी माती बघायची, बोट घालून बघायची. कोरडी असली तर पाणी. ओली असली तर हात लावायचा नाही. एकोणीस वर्षं एका घरात राहिलीस तिच्याबरोबर आणि एवढं कळलं नाही तुला?"

"नाही कळलं."

"गाय बसली की तिला चारा कोंबतेस का तू?"

"चुकलं, मर्व."

"चुकलं म्हणे!" त्याने कानामागची पेन्सिल काढली, चिठ्ठी टेबलावर सपाट केली आणि स्वतःच्या नावाखाली, मोठ्या, न थरथरणाऱ्या अक्षरांत लिहिलं: नियमात बसत नाही. खाली सही केली, तारीख विचारून घातली आणि चिठ्ठी डल्सीच्या हातात दिली. "लावा हे कुंडीवर. सगळ्यांना दिसेल असं. आणि पहिला नंबर तीनला द्या, मिस्टर कारुआना, तुम्हाला पटत असेल तर."

"पटतंय," कारुआना म्हणाला. त्याने आत्ता कुठे वाकून पानांखाली पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

"माझी माणसं असला प्रकार करत नाहीत," मर्व सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "हिच्या वतीने मी माफी मागतो." आणि तो कारुआनाला घेऊन कोरफडींच्या टेबलाकडे चालता झाला. पाठ सरळ होती. चालता चालताही ते ऐकू येत होतं, "पाचसहा वेळा! सांगा आता याला काय म्हणायचं."

ग्वेंडा तिथेच उभी होती. दोरीबाहेरच्या बायका पुस्तिकेत तोंड घालून बसल्या होत्या. एकीने दुसरीला काहीतरी म्हटलं आणि दुसरी "शी" म्हणाली. सोमवारपर्यंत हे सगळ्या याराबीनभर होईल, आणि सोमवारनंतरही इथे राहायचं तिलाच होतं. तिला रडू येत होतं. लाजेने येतंय असं सगळ्यांना वाटलं, तर वाटू दे.

डल्सीने चिठ्ठी चार नंबरच्या कुंडीला टोचली. मग जवळ आली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली होता. या जानेवारीआधी ग्वेंडाने जन्मात घरातल्या एका कुंडीला आपणहून हात लावला नव्हता, आणि ते डल्सीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"ग्वेन, खरं सांग. ते पाणी तू घातलंस?"

"मीच घातलं," ग्वेंडा म्हणाली. "दुसरं कोण आहे घरात?"